थ्रॉटल कोणत्या हातात?

रेडिओवर उडणारं विमान पहिल्यांदा विकत घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास अडवतो: ट्रान्समीटर मोड १ चा घ्यायचा की मोड २ चा? ट्रान्समीटरला दोन स्टिक असतात. प्रत्येक स्टिक उभी आणि आडवी हलते, म्हणजे हालचाली चार. विमानाला द्यायच्या मुख्य आज्ञाही चारच: इंजिनाचा जोर ठरवणारा थ्रॉटल, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि पंख कलवणारे एलेरॉन. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हातात, एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या हातात. मोड १ मध्ये फक्त थ्रॉटल आणि एलिव्हेटर यांची अदलाबदल होते, बाकीचं जागच्या जागी राहतं. मोड ३ आणि ४ ही अनुक्रमे मोड २ आणि १ ची आरशातली रूपं; ती वापरणारे थोडे. अमेरिकेत मोड २ रुजला, जपानमध्ये मोड १, ब्रिटनमध्ये दोन्ही नांदतात. यांतला श्रेष्ठ कोणता, यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. माझ्या मते श्रेष्ठ मोड असा काही नसतोच. तुम्ही जिथे उडवणार तिथले लोक जो वापरतात तो तुमचा मोड, आणि हे केवळ सोयीचं उत्तर नाही. त्याला खऱ्या विमानांच्या इतिहासाचा भक्कम आधार आहे.

मोड २ चे पुरस्कर्ते सांगतात की तो नैसर्गिक आहे, कारण खऱ्या विमानात उजव्या हातात स्टिक असते आणि डाव्या हातात थ्रॉटल. लढाऊ विमानाबद्दल हे खरं आहे. हेलिकॉप्टरलाही ते बरंचसं लागू पडतं, तिथे उचल देणारा दांडा डाव्या हाताशी असतो. पण प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये डोकावून पाहा. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि थ्रॉटल दोघांच्या मध्ये असतो. साहजिकच कॅप्टनचा डावा हात विमान वळवतो, उजवा इंजिनाचा जोर सांभाळतो. शेजारच्या सहवैमानिकाचं नेमकं उलटं. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए-३२० मध्ये तर कॅप्टनची छोटी स्टिक थेट डाव्या भिंतीलगत बसवली आहे. वर्षानुवर्षं उजव्या खुर्चीत बसलेला सहवैमानिक बढती मिळून कॅप्टन होतो तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कामं बदलतात, आणि थोड्या प्रशिक्षणानंतर तो शेकडो प्रवाशांना सुखरूप उतरवतो. शिवाय खऱ्या विमानात रडर पायांखाली असतो. तो हातात देणारा प्रत्येक मोड त्या अर्थाने कृत्रिमच.

हात सोडा, थ्रॉटलची दिशाही निसर्गाने ठरवून दिलेली नाही. थ्रॉटल पुढे ढकलला की जोर वाढतो, हे आज आपल्याला इतकं उघड वाटतं की त्याला पर्याय असेल अशी शंकाही येत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी फ्रेंच वैमानिक मात्र जोर वाढवायला थ्रॉटल मागे ओढत. फ्रान्सने अमेरिकेकडून कर्टिस हॉक ७५ विमानं मागवली तेव्हा त्यांतले थ्रॉटल याच पद्धतीचे करून घेतले. फ्रान्स पडल्यावर त्या मागणीतली उरलेली विमानं ब्रिटिशांकडे वळवली गेली, तिथे त्यांचं मोहॉक असं बारसं झालं आणि थ्रॉटल पुन्हा सुलटे करावे लागले. यांतली काही मोहॉक विमानं पुढे आपल्या पूर्व सीमेवर, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. विमान एकच, पण देश बदलताच त्याचं ‘नैसर्गिक’ बदललं.

मग खरा धोका कशात आहे? इथे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला भेटायला हवं. फिट्सचं नाव आज घेतलं जातं ते १९५४ मधल्या त्याच्या नियमासाठी. बोट किंवा माउसचा बाण लक्ष्यावर न्यायला किती वेळ लागेल हे तो नियम सांगतो, आणि मोबाइलच्या पडद्यावरची बटणं किती मोठी ठेवायची हे त्यावरून ठरतं. त्याचं मला त्याहून मोलाचं वाटणारं काम सात वर्षं आधीचं आहे. १९४७ मध्ये फिट्स आणि त्याचा सहकारी रिचर्ड जोन्स यांनी, नियंत्रणं हाताळताना झालेल्या आणि ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का बसलेल्या ४६० घटना तपासल्या. त्यांतला सर्वांत मोठा गट निघाला एका दांड्याऐवजी भलताच दांडा ओढल्याचा. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बी-२५ विमानात डावीकडून थ्रॉटल, पंखा आणि इंधन-मिश्रण असा दांड्यांचा क्रम होता. सी-४७ मध्ये पंखा, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, पंखा. यातलं सी-४७ म्हणजे आपल्या ओळखीचं डाकोटा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलं ते. एका विमानावर हात बसलेला वैमानिक दुसऱ्यात बसला आणि घाईच्या क्षणी हात जुन्या जागी गेला, की इंजिनाचा जोर बदलण्याऐवजी त्याचं इंधनच तुटायचं. इथे कोणता क्रम सरस हा मुद्दा गौण होता. क्रम तीन होते आणि माणूस एक होता, हा घोटाळा होता. पुढे एकच क्रम ठरला आणि मुठींना वेगवेगळे आकार दिले गेले. चाकं खाली सोडणाऱ्या दांड्याची मूठ चाकासारखी असते, ती त्याच विचारातून.

मॉडेलच्या मैदानावर हाच घोटाळा छोट्या रूपात होतो. नवशिक्याचं विमान भरकटतं, तो घाबरून ट्रान्समीटर शेजारच्याच्या हातात देतो. शेजारी दुसऱ्या मोडचा असेल, तर नाक वर घ्यायला तो जी स्टिक मागे ओढेल तिने इंजिन बंद होईल. विचार करून दुरुस्ती करायला वेळच नसतो. बुद्धीच्या आधी बोटं हललेली असतात.

यावर मोड १ वाल्यांचा एक आक्षेप वजनदार आहे. एलिव्हेटर आणि एलेरॉन एकाच स्टिकवर असले की अंगठा जरा तिरका गेला तरी दोन्ही हलतात. कसरतीत विमान सरळ उभं चढवायचं असेल तर तो तिरकेपणा दिसतो. दोन हातांत विभागणी केली की ही भेसळ टळते. युक्तिवाद बरोबर आहे, पण अर्धाच. मोड १ मध्ये भेसळ नाहीशी होत नाही, स्थलांतर करते: एलेरॉनची थ्रॉटलशी आणि रडरची एलिव्हेटरशी. शिवाय अंगठ्याऐवजी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्टिक धरली की तिरकेपणा बराच आटोक्यात येतो. डावखुऱ्यांना मोड ३ सुचवला जातो, त्यालाही डाव्या खुर्चीतल्या उजखुऱ्या कॅप्टननी उत्तर देऊन ठेवलंच आहे. दोन्ही हातांना इथे नाजूक काम करावं लागतं, लिहिण्याचा हात कोणता याला फारसं महत्त्व उरत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. आताच्या ट्रान्समीटरमध्ये मेनूतून मोड बदलता येतो. गुरू-शिष्यांचे ट्रान्समीटर जोडले तर दोघांचे मोड वेगळे असले तरी विमानाला योग्य आज्ञाच पोचतात. मग शेजाऱ्याचा मोड कशाला पाहायचा? कारण मेनू ट्रान्समीटर बदलतो, बोटं नाही. गुरू शिकवतो ते पुष्कळसं हात दाखवून, आणि ते हात शिष्याच्या हातांसारखेच चालायला हवेत. शिवाय थ्रॉटलची स्टिक सहसा ठेवाल तिथे राहते आणि बाकीच्या स्प्रिंगने मध्यावर परततात. मेनूत मोड बदलूनही ती स्प्रिंग हलवायला बऱ्याच ट्रान्समीटरांत पेचकस घ्यावाच लागतो. ऑस्ट्रेलियातून किंवा जपानमधून आलेला जुना ट्रान्समीटर घेताना हे आधी पाहावं.

आपल्याकडे बहुतेक हौशी मोड २ वर उडवतात, ड्रोनही सहसा त्याच मोडमध्ये येतात. त्यामुळे इथे शिकणाऱ्याने निःशंक मोड २ घ्यावा. ज्याचा गुरू मोड १ चा आहे त्याने तितकंच निःशंक मोड १ घ्यावा. वादात वाचलेला वेळ दुसऱ्या, कितीतरी अवघड गोष्टीवर खर्च करावा. विमान तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याचं उजवं तुमचं डावं होतं, आणि ही उलटापालट चारही मोडमध्ये सारखीच छळते. त्यावर एक जुनी युक्ती आहे. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला एलेरॉनची स्टिक ढकलायची, जणू त्या पंखाखाली टेकू लावतो आहोत. पंख वर येतो.