पडद्याआडचा विद्यार्थी

दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यास शिकविण्याची खटपट कांहीं आजची नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या मध्यभागांत, जेथें शेजाऱ्याचें घर कित्येक मैलांवर, तेथें ॲलिस स्प्रिंग्सहून १९५१ सालीं बिनतारी यंत्रावरून शाळा सुरू झाली. लहानपणीं अशाच शाळेंत शिकलेल्या मार्टिन डुगियामास यांनीं २००२ सालीं ‘मूडल’ ही संगणकावरील वर्गव्यवस्था जगापुढें ठेविली. आपल्याकडे सरकारनें २०१७ सालीं ‘स्वयं’ हें व्यासपीठ उघडलें.

परंतु बहुतेक घरांना या विद्येची खरी ओळख झाली ती मार्च २०२० मध्यें, साथीमुळें शाळा-महाविद्यालयें बंद पडलीं तेव्हां. आमच्या माजघरांत वहिनींचा वर्ग भरूं लागला. गांठीला वीस वर्षें शिकविण्याचा अनुभव, पण पहिले आठ दिवस “माझा आवाज येतो ना?” हें विचारण्यांतच गेले. पुढें कॅमेरा लावणें, पडद्यावर टिपणें दाखविणें, हजेरी उतरवून घेणें हें सारें त्यांना जमूं लागलें, आणि आतां आपणांस हें तंत्र साधलें, असें त्यांस वाटलें.

महिन्याभरानें त्यांनीं वर्गव्यवस्थेंतील नोंदी सहज उघडून पाहिल्या. हजेरीपटावर रोज असणाऱ्या एका मुलानें चार आठवड्यांत एकही स्वाध्याय उघडला नव्हता! फोन केल्यावर उलगडा झाला. घरांत मोबाइल एकच, तोहि वडिलांचा. मुलगा सकाळीं वर्गांत प्रवेश करी, आणि पांच मिनिटांनीं तो मोबाइल तसाच वडिलांच्या खिशांतून कामावर जाई. हजेरी लागे, मुलगा मात्र वर्गांत नसे. रात्रीं नऊनंतर मोबाइल हातीं येई, तेव्हां वर्ग केव्हांच संपलेला असे.

त्या दिवशीं वहिनी जेवतांना फारशा बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं कामाची रीतच बदलली.

प्रथम त्यांनीं हिशेब मांडला. सेकंदास दहा लक्ष बिट या वेगानें एक तासाचा व्हिडिओ पाहावयाचा तर ४५० मेगाबाइट खर्च होतात. तोच पाठ नुसत्या आवाजानें, ६४ हजार बिटांच्या वेगानें, २९ मेगाबाइटांत मावतो. म्हणून प्रत्येक पाठाबरोबर आवाजाची फीत व दोन पानांचें टिपण जाऊं लागलें. ‘एडएक्स’वरील पाठांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासांत असें दिसलें होतें कीं, व्हिडिओ कितीहि लांब असला तरी विद्यार्थी तो साधारणतः सहा मिनिटांहून अधिक पाहत नाहींत. तेव्हां तासाचे लहान लहान तुकडे झाले. ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांच्यासाठीं खालीं अक्षरें आलीं. चाचणी ठराविक तासाऐवजीं दिवसभर खुली राहूं लागली, व प्रश्नसंग्रहांतून प्रत्येकास निरनिराळे प्रश्न मिळूं लागले. गुण सर्वांच्या समूहावर न टाकतां ज्याचे त्यास कळविले जाऊं लागले. आणि दर शनिवारीं नोंदी चाळून, जो सात दिवस फिरकला नाहीं त्याला फोन, हा नेम झाला.

ऑनलाइन वर्ग चालविणाऱ्यास यंत्राचें ज्ञान हवें, तें यासाठीं. कळी दाबतां येणें ही पहिली पायरी. पडद्यावर जो दिसत नाहीं तो कोठें अडला, हें नोंदींवरून ओळखणें ही खरी कामगिरी. यंत्रें दरवर्षीं बदलतील आणि नवीं बटणें पुनः शिकावीं लागतील. ही नजर मात्र एकदां आली कीं जन्मभर उपयोगीं पडते.

घरच्या मंडळींसहि एक विनंती आहे. संगणकापुढें बसलेली सून किंवा मुलगी “घरींच तर आहे” असें समजून तिला घडोघडीं हांक मारूं नये. तिच्यापुढें साठ मुलें बसलेलीं असतात; तीं आपणांस दिसत नाहींत इतकेंच.

तो मुलगा पुढें रात्रीं दहाच्या सुमारास स्वाध्याय पाठवूं लागला. तो येईपर्यंत वहिनी संगणक मिटीत नसत.