तिखटमीठ न लावता : पदोन्नतीची मुलाखत आणि अवघड प्रश्न

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमपासून सुमारे सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. राहूचे स्थान म्हणून ख्यातनाम असलेले नागनाथस्वामींचे मंदिर येथे आहे आणि जवळच ओप्पिलियप्पन या नावाने पूजिल्या जाणाऱ्या विष्णूचेही मंदिर आहे. या दुसऱ्या मंदिराची एक प्रथा लक्षणीय आहे : येथील नैवेद्यात मीठ घालत नाहीत. देव अळणी अन्न गोड मानून घेतो. माणसाला मात्र स्वतःच्या कामगिरीविषयी बोलताना तिखटमीठ लावण्याचा मोह आवरत नाही. पदोन्नतीच्या मुलाखतीत अनेक कर्तबगार अधिकारी मागे पडतात, ते याच मोहापायी.

हा विषय केवळ कर्मचाऱ्यांचा आहे, असे ग्राहकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या अधिकाऱ्याच्या सहीने कर्ज मंजूर होते, ज्याच्यावर विश्वासून आयुष्याची पुंजी ठेवली जाते, त्याची निवड कोणत्या कसोटीवर होते, हे जाणून घेण्याचा अधिकार ग्राहकालाही आहे.

मुलाखत कशासाठी?

लेखी परीक्षा ज्ञान तपासते आणि वार्षिक मूल्यमापन अहवाल झालेल्या कामाची नोंद देतो. मग मुलाखतीत उरते काय? पदाबरोबर कर्जमंजुरीचे अधिकार वाढतात, जोखीम वाढते. अप्रिय गोष्ट वरिष्ठांना वेळेवर आणि खरेपणाने सांगण्याची तयारी उमेदवाराजवळ आहे काय, हे मुलाखत मंडळाला पाहावयाचे असते. अवघड प्रश्न विचारले जातात, ते यासाठीच.

उदाहरणादाखल असा एक अधिकारी डोळ्यांसमोर आणावा. गृहस्थ मूळचे सोलापूरचे. श्रेणी दोनमध्ये बढती मिळून तिरुनागेश्वरम् येथील शाखेत आले. आता श्रेणी तीनसाठी मुलाखत द्यावयाची आहे. मागील वर्षी निवड झाली नव्हती. पत्नीची नोकरी सोलापुरात, मुलगी दहावीत. या खेपेस यश मिळाले तर आणखी दूरची बदली आणि अपयश आले तर मनाची उभारी जाण्याची भीती, अशा कात्रीत ते सापडले आहेत. अशा उमेदवाराने तयारी कशी करावी?

आकडे आपले असावेत

तयारीचा आरंभ स्वतःच्या शाखेपासून करावा. एका वहीत तीन वर्षांच्या ठेवी, त्यांतील बचत व चालू खात्यांचा वाटा, कर्जे, अनुत्पादित कर्जे आणि वसुली यांचे आकडे समोरासमोर मांडावेत. लेखापरीक्षणातील गंभीर शेरे आणि त्यांवर केलेली कार्यवाहीही नोंदवावी. अग्रक्रम क्षेत्राला ४० टक्के आणि त्यात शेतीला १८ टक्के कर्ज देण्याचे लक्ष्य बँकांपुढे असते. आपली शाखा त्यात कोठे बसते, हे सांगता आले पाहिजे. सोनेतारण कर्जांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नवे निर्देश दिले. जेथे शेतकरीही दागिने ठेवून कर्ज घेतात, त्या शाखेच्या अधिकाऱ्याला ते तोंडपाठ हवेत.

प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहावा : ‘असे का?’ ज्या आकड्यापुढे उत्तर लिहिताना लेखणी अडखळते, नेमका तोच प्रश्न मंडळ विचारणार, असे समजून चालावे.

पहिला अवघड प्रश्न : कर्जे का थकली?

समजा, मंडळाने विचारले, ‘तुमच्या शाखेत पीककर्जांची अनुत्पादित खाती का वाढली?’ या भागात एक उत्तर हाताशी तयार असते. कुरुवै हे भाताचे अल्प मुदतीचे पीक मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते. हे पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. पण २०२४ मध्ये साठा अपुरा असल्याने ते जुलैच्या अखेरीस सोडावे लागले. ‘पाणी उशिरा आले, म्हणून कर्जे थकली,’ असे सांगून उमेदवार सुटकेचा निःश्वास टाकतो.

परंतु पुढचा प्रश्न येतोच : ‘अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकल्याखेरीज अनुत्पादित ठरत नाही. मग एका हंगामाच्या उशिराने ही खाती अनुत्पादित कशी झाली?’ येथे उमेदवार गांगरतो. सांगितलेले कारण खोटे नव्हते, ते अपुरे होते. आणि अपुरेपणा लपविण्यासाठी त्याला निसर्गाचे तिखटमीठ लावले होते.

सरळ उत्तर असे असू शकते : ‘यांतील बरीच खाती आधीच्या हंगामापासून थकलेली होती. त्या वेळी मी खातेदारांच्या भेटी घ्यावयास हव्या होत्या. त्या उशिरा घेतल्या. पाण्याच्या अडचणीने उरलेली संधीही गेली. त्यानंतर प्रत्येक कापणीपूर्वी थकबाकीदारांची यादी करून गावनिहाय भेटी सुरू केल्या आणि इतकी खाती नियमित झाली.’ या उत्तरात चूक, कारण, उपाय आणि परिणाम हे चारही क्रमाने आले आहेत. अवघड प्रश्नाचे उत्तर बांधण्याची हीच साधी रीत होय. मात्र ‘इतकी’ या शब्दाच्या जागी खरा आकडा हवा.

दुसरा : भाषा येत नसताना?

‘तामिळ येत नसताना शाखा कशी चालविलीत?’ हा प्रश्न झोंबणारा खरा. पण तो अपमान नव्हे. ‘भाषेची मुळीच अडचण आली नाही,’ हे उत्तर कोणालाही पटणार नाही. पहिले काही महिने सहकाऱ्यांवर विसंबावे लागले, त्यामुळे परिसरातील रेशीम विणकरांपर्यंत पोहोचणे राहून गेले आणि वाढ मुख्यतः सोनेतारणात झाली, असे असेल तर तसेच सांगावे. पुढे कामापुरती तामिळ कशी शिकली, किती विणकर खातेदार झाले, हे त्याला जोडावे. शेजारच्या तिरुभुवनम्च्या रेशमाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्या व्यवसायाला भांडवल केव्हा लागते, हे सांगता येणारा अधिकारी मंडळाला अधिक विश्वसनीय वाटतो.

तिसरा : वरिष्ठांचा दबाव

‘नियमात न बसणारे कर्ज मंजूर करण्यास वरिष्ठांनी सांगितले तर?’ येथे शौर्याचा आव आणू नये आणि ‘वरिष्ठ सांगतील तसे’ असेही म्हणू नये. प्रस्तावातील त्रुटी लेखी नोंदवून तो सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवीन, एवढे शांतपणे सांगणे पुरेसे आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास ‘माहीत नाही, पाहून घेईन’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. तर्काने ठोकून दिलेले उत्तर मात्र आधीच्या चांगल्या उत्तरांवरही पाणी फिरवते.

चौथा : बदलीला तयार आहात?

हा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा. याच कुंभकोणमात १८२८ मध्ये, तंजावरकडील मराठी भाषक कुटुंबात टी. माधवराव यांचा जन्म झाला. मद्रास येथे महालेखापालांच्या कार्यालयात त्यांनी काही काळ नोकरी केली. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, नंतर महसूल खात्यात शिरले आणि पेशकार पदावरून तिशीच्या उंबरठ्यावर दिवाणपदी पोहोचले. संस्थानचा खजिना तेव्हा रिकामा होता. त्यांनी कर्जे फेडली, मिरीची मक्तेदारी संपविली. पुढे इंदूर आणि बडोदा येथेही त्यांनी दिवाणपद सांभाळले. प्रत्येक बढतीने त्यांना नव्या मुलखात नेले.

तथापि आजच्या अधिकाऱ्याला संसाराची ओढ असणे स्वाभाविक आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. मुलाखतीत ‘कोठेही जाईन’ म्हणून आदेश हाती पडताच रद्द करण्यासाठी अर्ज करणारा उमेदवार स्वतःची आणि बँकेची फसवणूक करतो. त्यापेक्षा मुलाखतीपूर्वी घरात बसून बोलावे. ‘मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे, त्यानंतर बँक पाठवील तेथे जाण्यास कुटुंबाची संमती आहे,’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि निश्चितही आहे. संमती नसेल, तर एक वर्ष थांबणे हाही सन्मान्य निर्णय होय.

अखेरची तयारी

मुलाखतीपूर्वी एखाद्या स्पष्टवक्त्या सहकाऱ्यास मंडळाच्या भूमिकेत बसवून उत्तरे मोठ्याने द्यावीत. मनात सुरेख वाटणारे उत्तर उच्चारताना किती लांबते, हे तेव्हाच कळते. ‘मागील वर्षी निवड का झाली नाही?’ हा प्रश्नही त्याला विचारावयास सांगावा आणि उत्तरात कोणालाही दोष देऊ नये.

निवड होईल किंवा न होईल. जागा मर्यादित असतात आणि पात्र उमेदवार अनेक. परंतु शाखेच्या उणिवा ज्याने एकदा वहीत स्वच्छ लिहून काढल्या, तो अधिकारी दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर अधिक जाणता होऊन बसतो. त्याचा लाभ समोर बसलेल्या शेतकऱ्याला आणि विणकराला मिळतोच, निकाल काहीही लागो.