गुलमोहराच्या घरी बाभूळ

दसऱ्याला महाराष्ट्रात दोन झाडांना मान असतो. शमीची पूजा होते आणि आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात. दोन्ही झाडे शेंगा धरणारी, म्हणजे लेग्युमिनोसी ऊर्फ फॅबेसी या एकाच कुलातली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारले तर तो सांगेल की आपटा हा गुलमोहर, बहावा यांच्या सीसॅल्पिनिऑइडी उपकुलातला आणि शमी बाभळीच्या मिमोसॉइडी उपकुलातली. कित्येक पिढ्या हेच शिकत आल्या. २०१७ साली ही मांडणी बदलली. शमी आता गुलमोहराच्या उपकुलात आहे आणि आपटा तिथून बाहेर पडला आहे. त्याच्यासोबत चिंच आणि सीतेचा अशोकही बाहेर पडले. मिमोसॉइडी नावाचे उपकुल तर उरलेलेच नाही. हे का झाले आणि त्यातून आपल्या ओळखीच्या झाडांबद्दल काय कळते, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आधी या कुलाचा पसारा. सूर्यफुलाचे आणि ऑर्किडचे कुल सोडले तर सपुष्प वनस्पतींत जातींच्या संख्येने हेच सर्वांत मोठे. सुमारे ७६५ प्रजाती, साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाती. तूर, हरभरा, भुईमूग, मेथी, पळस, पांगारा, शिसव, चिंच, खैर, लाजाळू, सागरगोटा हे सगळे त्यात आले. एवढ्या गर्दीची वाटणी करायची तर काहीतरी खूण हवी, आणि जुन्या शास्त्रज्ञांनी ती फुलात शोधली. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथॅम यांनी तीन उपकुलांची व्यवस्था पक्की केली. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’सारखे ग्रंथ याच चौकटीत लिहिले गेले. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही याच परंपरेतला. आपल्याकडचा अभ्यास दीर्घकाळ या पुस्तकांवर उभा राहिला.

ही व्यवस्था शिकवायला सोपी होती, हे मान्य करायला हवे. वालाचे किंवा पळसाचे फूल घ्या. एक मोठी पाकळी मागे उभी, ती ध्वज; बाजूला दोन पंख; आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. कळीत ध्वज सगळ्यांत बाहेर असतो आणि बाकीच्यांना कवेत घेतो. हे पॅपिलिऑनॉइडी. बाभूळ किंवा शिरीषाचे फूल म्हणजे खरे तर अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. त्यात पाकळ्या नावापुरत्या, दिसतो तो पुंकेसरांचा गोंडा. हे मिमोसॉइडी. उरलेले ते सीसॅल्पिनिऑइडी, म्हणजे गुलमोहर, बहावा, तरवड, संकासूर, चिंच, आपटा.

‘उरलेले’ हा शब्द इथे अगदी खरा आहे, आणि घोटाळ्याचे मूळही तिथेच आहे. या गटाची अशी एक खूण सांगितली जाई की ध्वजाच्या जागची पाकळी कळीत सगळ्यांच्या आत असते. गुलमोहराच्या फुलात ती पाकळी सहज दिसते. चार पाकळ्या शेंदरी-लाल, आणि पाचवी, वरची, पांढुरकी, तिच्यावर लाल-पिवळे शिंतोडे. पण चिंचेच्या फुलात तीनच पाकळ्या नीट वाढतात, उरलेल्या दोन केसांसारख्या खुरटलेल्या असतात, आणि कामाचे पुंकेसरही तीनच. अशोकाला तर पाकळ्याच नाहीत. नारिंगी-लाल दिसतो तो निदलपुंज. बहाव्याचे दहा पुंकेसर तीन मापांचे. तीन लांब आणि कमानदार, चार आखूड, तीन अगदी खुजे. एवढी भिन्न फुले एका गटात बसली होती, कारण ती ना वालासारखी होती ना बाभळीसारखी. जे दोन्हीकडे बसले नाही, ते इथे आले. खुणेच्या अभावावर बांधलेला गट एका वंशाचा असेलच, असे नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अभ्यासकांनाही ही शंका होती. फक्त पुरावा पुरेसा नव्हता.

पुरावा डीएनएने दिला. शेंगावर्गीय वनस्पतींवर काम करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांच्या गटाने २०१७ साली ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात नवे वर्गीकरण मांडले. हरितलवकातल्या मॅट-के नावाच्या जनुकाची अक्षररचना त्यांनी ३,६९६ जातींत तपासली. ७६५ पैकी ६९८ प्रजाती त्यात आल्या. त्यावरून जी वंशावळ निघाली, तिच्यात पॅपिलिऑनॉइडी एकसंध राहिले. बाभळीचा गटही एकसंध निघाला. मात्र तो स्वतंत्र शाखा नव्हता. तो सीसॅल्पिनिऑइडीच्या आतून फुटला होता. गुलमोहर हा आपट्यापेक्षा आणि चिंचेपेक्षा बाभळीला जवळचा निघाला. असे असताना बाभळीला वेगळे उपकुल देऊन आपटा आणि गुलमोहर एकत्र ठेवणे म्हणजे सख्ख्यांना वेगळे करून लांबच्यांना एका घरात कोंबणे होते.

तेव्हा तीनऐवजी सहा उपकुले झाली. आपटा, कांचन यांचे सर्सिडॉइडी. चिंच, अशोक यांचे डिटॅरिऑइडी. हे मुख्यतः उष्ण कटिबंधातले, आणि त्यातही आफ्रिकेत फार मोठे. डायालिऑइडी छोटे, ऐंशी-पंच्याऐंशी जातींचे. ड्युपार्क्वेटिऑइडीत तर पश्चिम आफ्रिकेतली एकच वेल. पॅपिलिऑनॉइडी सुमारे चौदा हजार जातींसह सर्वांत मोठे. आणि नव्याने आखलेले सीसॅल्पिनिऑइडी, ज्यात बाभळीचा सगळा गोतावळा सामावला.

या सहा शाखा एकमेकींपासून फुटल्या त्या फार थोड्या अवधीत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. डायनासोर नाहीसे झाले तो हा काळ, आणि दख्खनच्या पठाराचा काळा पत्थर लाव्हाच्या रूपाने वाहत होता तोही हाच. शाखा इतक्या झटपट फुटल्यामुळेच त्यांचा क्रम लावताना अभ्यासकांची आजही दमछाक होते.

बाहेरून पाहून नव्या सीसॅल्पिनिऑइडीची काही ओळख पटते का? फुलावरून नाही, पण पानावरून बरीच. गुलमोहर, संकासूर, बाभूळ, शिरीष, लाजाळू यांची पाने दोनदा विभागलेली असतात. मुख्य दांड्याला उपदांडे आणि उपदांड्यांना पर्णिका. दुसरी खूण पाहायला नजर थोडी जवळ न्यावी लागते. या उपकुलातल्या पुष्कळ झाडांच्या पानाच्या दांड्यावर मधुरस पाझरणारी ग्रंथी असते. बाभळीच्या दांड्यावर ती वाटोळी, बशीसारखी दिसते. पावसाळ्यात माळावर उगवलेला टाकळा उपटून बघा. खालच्या पर्णिकांच्या जोड्यांच्या मधोमध बारीक काडीसारखी उभी ग्रंथी सापडेल, आणि तिच्याभोवती मुंग्या असण्याचा संभव मोठा. फुलाबाहेरचा हा मध मुंग्यांसाठीच असतो; त्या बदल्यात पाने खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकतात. आपट्याच्या आणि चिंचेच्या दांड्यावर अशी ग्रंथी शोधून मिळणार नाही.

मुळांची गोष्ट शेतकऱ्याच्या आणि वृक्षारोपण करणाऱ्यांच्या थेट कामाची आहे. शेंगेचे झाड म्हटले की ते जमिनीला नत्र देणार, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. भुईमूग, तूर, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. त्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पण गुलमोहर, बहावा, तरवड, टाकळा यांच्या मुळांवर गाठी नसतात. चिंचेला नाहीत, आपट्यालाही नाहीत. सर्सिडॉइडी आणि डिटॅरिऑइडी ही दोन्ही उपकुले गाठींविनाच आहेत. सीसॅल्पिनिऑइडीत गाठी आहेत त्या प्रामुख्याने बाभळीच्या गटात. जमीन सुधारण्यासाठी झाडे निवडताना एवढी माहिती हाताशी असली तर रोपांचा आणि पाण्याचा खर्च योग्य जागी होईल.

उपकुलाच्या आत तर उलथापालथ जुनीच आहे. बहावा, तरवड, टाकळा हे सगळे एकेकाळी कॅसिया प्रजातीत होते. अर्विन आणि बार्नबी या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ सालापर्यंत तिचे तीन भाग केले. लांब, वळणदार पुंकेसरांचा बहावा कॅसियातच राहिला. तरवड आणि टाकळा सेन्नात गेले. लवचीक शेंग ताडकन फुटून बिया उडवणाऱ्या छोट्या वनस्पती कॅमेक्रिस्टात. तरवडाच्या फुलाकडे थोडे थांबून पाहायला हवे. या सेन्ना गटातल्या फुलांत मध नसतो. परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते. भुंगा फुलाला धरतो, पंखांचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपाने छिद्रातून पराग उडतात. मधमाशीला हे जमत नाही. काही पुंकेसर भुंग्याच्या खाण्यासाठी, तर लांब पुंकेसर त्याच्या अंगावर पराग माखण्यासाठी, अशी कामांची वाटणीही असते. वर्गीकरण करणाऱ्यांनी पुंकेसरांची लांबी मोजली ती उगाच नाही; त्या लांबीत फुलाचा सगळा व्यवहार आहे.

सीसॅल्पिनिया ही प्रजाती, जिच्यावरून उपकुलाला नाव मिळाले, ती सोळाव्या शतकातले इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआ चेझाल्पिनो यांच्या सन्मानार्थ. २०१६ साली तिचीही फोड झाली. सीसॅल्पिनिया आणि तिच्या निकटच्या नातलगांच्या २६ प्रजाती ठरल्या. संकासूर सीसॅल्पिनियातच राहिला. मुली खेळतात तो सागरगोटा गिलँडिनात गेला. कठीण कवचाच्या याच बिया समुद्रावर तरंगत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला लागतात. चिल्हार आणि रंगासाठी प्रसिद्ध असलेला पतंग बियांकियात गेले. सह्याद्रीत काट्यांनी भरलेली आणि शेंदरी-पिवळे तुरे मिरवणारी वाकेरी मौलावा या नावाने आहेच.

नावांच्या या बदलात सर्वांत गाजले ते बाभळीचे प्रकरण. अकेशिया या प्रजातीचा नमुना, म्हणजे ते नाव ज्या जातीला कायम चिकटलेले असते ती जाती, बाभूळच होती. पण अकेशियाचे तुकडे करावे लागणार हे स्पष्ट झाले, आणि तिच्या हजाराहून अधिक जातींतल्या बहुसंख्य ऑस्ट्रेलियात आहेत. नियमाप्रमाणे नाव बाभळीकडे राहिले असते, तर ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जातींची नावे बदलली असती. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुना बदलून तो ऑस्ट्रेलियन जातीला दिला गेला. आफ्रिकेतून आणि आशियातून नाराजी उमटली. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला. आता बाभूळ आणि हिवर व्हॅचेलियात आहेत. खैर आणि शिकेकाई सेनेगॅलियात. बाभळीचे काटे सरळ, पांढरे, फुले पिवळी गोल. खैराचे काटे आकड्यासारखे, फुले लांबट तुऱ्यात. वेगळेपण डोळ्यांना दिसते, तेव्हा फोड योग्यच आहे. पण नमुना असलेल्या झाडाचे नाव संख्याबळावर काढून घेणे मला आजही न्याय्य वाटत नाही. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेल्या, पानासारखे चपटे दांडे असलेल्या ऑस्ट्रेलियन झाडाला लोक ‘अकेशिया’ म्हणतात. शास्त्राच्या लेखी ते आता खरोखरच अकेशिया आहे.

शमीच्या बाबतीत उलट घडले. प्रोसोपिस ही प्रजाती २०२२ साली मोडली, पण तिचा नमुना शमी होती आणि नाव शमीकडेच राहिले. अमेरिकेतून आलेली, कोरडवाहू गावांची गायराने व्यापून बसलेली वेडी बाभूळ नेल्टुमा झाली. शमी आणि वेडी बाभूळ यांना एकाच प्रजातीत पाहणे ज्यांना खटकत होते, त्यांना हा निर्णय पटेल.

२०२४ साली या उपकुलाचे आतले वर्गीकरणही पूर्ण झाले. १६३ प्रजाती, सुमारे ४,६८० जाती आणि अकरा गण. बाभळीचा जुना गट त्यात मिमोसी या गणाच्या रूपाने जिवंत आहे, म्हणजे बेंथॅम यांची नजर अगदीच चुकली नव्हती.

या बदलांबद्दल रोपवाटिका चालवणारे, वनखात्यातले कर्मचारी, आयुर्वेदाचे अभ्यासक तक्रार करतात, आणि ती समजण्यासारखी आहे. जुने संशोधन जुन्या नावाखाली पडलेले असते. नवे नावच शोधणाऱ्याला ते सापडत नाही. त्यावर उपाय आहे. बागेतल्या आणि कॉलेजच्या आवारातल्या पाट्यांवर मराठी नाव, आजचे शास्त्रीय नाव आणि कंसात जुने नाव, अशी तीन नावे लिहावीत. पाठ्यपुस्तकांतल्या तीन उपकुलांच्या जागी सहा उपकुले यावीत. आणि आपल्या गावच्या झाडांची यादी करणाऱ्या प्रत्येकाने या दिवाळीच्या सुट्टीत ती एकदा पडताळून घ्यावी. सुरुवात घराजवळच्या बाभळीपासून करावी.