पंधरा किलोंचे अर्थशास्त्र

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक नवे उपकरण हिंडू लागते. हातात धरावयाचा, आकड्याला बॅग अडकवून उचलली की वजन सांगणारा हा छोटासा काटा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणला जातो. पूर्वी प्रवासाच्या आदल्या रात्री वळकटी बांधली जात असे. आता बॅग तोलली जाते. काट्यावर पंधराचा आकडा ओलांडला की घरात वाद सुरू होतो. शाल काढावयाची की चिवड्याचा डबा, मुलाची पुस्तके की सासूबाईंसाठी घेतलेले पातळ? विमानप्रवास ही आता केवळ श्रीमंतांची मिरास उरलेली नाही, याची ही एक खूण आहे. त्याचबरोबर, स्वस्त म्हणून घेतलेले तिकीट शेवटी नेमके कितीला पडणार याची धास्ती सामान्य प्रवाशाच्या मनात कायमची येऊन बसली आहे, याचीही ती खूण आहे.

आपली प्रवासाची रीत रेल्वेने घडवली. रेल्वेच्या नियमांनुसार दुसऱ्या वर्गाच्या उताऱ्याला ३५ किलो, शयनयानात ४० किलो आणि वातानुकूलित पहिल्या वर्गात ७० किलो सामान विनामूल्य नेता येते. हे आकडे बहुसंख्य प्रवाशांना ठाऊकही नसतात, कारण फलाटावर बोचके तोलून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि लाडवांचा डबा हा सारा संसार बाकाखाली मावला म्हणजे झाले. एअर डेक्कनने २००३ साली देशांतर्गत स्वस्त विमानसेवा सुरू केली आणि या वर्गाला विमानतळाची वाट दिसली. रेल्वेची सवय घेऊन तो विमानतळावर आला आणि तेथे त्याची गाठ पंधरा किलोंशी पडली.

वजनाची मर्यादा विमानाला नवी नाही. आंतरराष्ट्रीय मार्गांवर साध्या वर्गाला २० किलो आणि पहिल्या वर्गाला ३० किलो हा दंडक अनेक दशके होता. परंतु त्या काळी ही मर्यादा भाड्याचाच भाग मानली जाई. भाडे म्हणजे माणूस आणि त्याचे बेताचे सामान, असा सरळ अर्थ होता. ही गाठ या शतकात सोडवली गेली. रायनएअर या आयरिश कंपनीने २००६ साली पोटातल्या सामानाचे निराळे पैसे घेण्यास आरंभ केला. २००८ साली खनिज तेलाचा भाव भडकत गेला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेवर १५ डॉलर आकारण्याचे ठरवले. इंधन महागले, नाइलाज आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले. बॅगेवरचा आकार मात्र जागच्या जागी राहिला आणि पुढे वाढतच गेला. २०१९ साली अमेरिकी कंपन्यांनी केवळ बॅगांच्या शुल्कातून ५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. तेथील देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. तेव्हा भाडे कमी दाखवून बाकीची रक्कम बॅगेच्या नावे घेण्यात कंपन्यांना दुहेरी लाभ असतो. ‘दोन बॅगा मोफत’ ही जिची ओळखच होती त्या साउथवेस्ट कंपनीनेही मे २०२५ मध्ये ही वाट धरली.

वजनाने इंधन जळते हे खोटे नाही. पण किती जळते? विमानात जितके वजन अधिक घ्यावे त्याच्या साधारण तीन टक्के इंधन दर तासाला जास्त लागते, असा ढोबळ हिशेब आहे. मुंबईहून दिल्लीपर्यंतच्या सुमारे दोन तासांच्या उड्डाणात १० किलो जादा सामान घेतले तर अर्धा-पाऊण किलो इंधन अधिक खर्च होईल, म्हणजे लिटरहून कमीच. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही रक्कम शंभराच्या आत राहते. खिडकीवर मात्र याच दहा किलोंसाठी किलोमागे काही शे रुपये, म्हणजे एकूण काही हजार मोजावे लागतात. इंधनाखेरीज हमाली आहे, पट्टे आहेत, बॅगा चढवण्या-उतरवण्यात जाणारा वेळ आहे. विमान जितका वेळ जमिनीवर उभे तितका तोटा, हेही खरे. हा सारा खर्च धरूनही दोन आकड्यांतील अंतर भरून निघेल असे वाटत नाही. शिवाय तेच सामान दोन दिवस आधी घरबसल्या नोंदवले तर स्वस्त आणि खिडकीवर नोंदवले तर महाग असते. वजन तेच, विमान तेच. मग फरक कशाचा? एवढाच की खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न एकदा सोडवण्याचा प्रयत्न झाला होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली आदेश काढला की १५ ते २० किलोंच्या दरम्यानच्या जादा सामानास किलोमागे १०० रुपयांहून अधिक घेऊ नयेत. कंपन्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. त्यानंतर दर वर चढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये महासंचालनालयानेच कंपन्यांना मुभा दिली की, जो प्रवासी केवळ हातातील बॅग घेऊन येईल त्याला कमी भाड्याचे तिकीट द्यावे. मात्र तो ऐनवेळी सामान घेऊन आलाच तर किती पैसे पडतील हे तिकीट काढतेवेळी त्यास स्पष्ट सांगावे. एअर इंडिया एके काळी साध्या वर्गालाही २५ किलो देत असे. खासगीकरणानंतर ही मर्यादा उतरत गेली आणि मे २०२४ पासून तिच्या स्वस्त तिकिटांवर इतरांप्रमाणेच १५ किलो उरले. हातातल्या बॅगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ७ किलो, आणि तीही एकच.

या व्यवस्थेच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो व तो उडवून लावण्याजोगा नाही. जो मोकळ्या हाताने जातो त्याने दुसऱ्याच्या पेटाऱ्याचे भाडे का भरावे? ज्याने जितके वापरावे तितके त्याने द्यावे, हा न्याय वरकरणी तरी निर्दोष आहे. (तो शेवटपर्यंत नेला तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. २०१३ साली सामोआ एअर या लहानशा कंपनीने प्रवाशालाच काट्यावर उभे करून त्याच्या व सामानाच्या एकत्रित वजनावर भाडे घेतले. तर्क चोख होता. अनुकरण करण्यास मात्र कोणी मोठी कंपनी पुढे आली नाही.) परंतु या न्यायाचे एक गृहीतक असे की सामान सोडले तर मूळ भाडे तेवढ्या प्रमाणात उतरते. ते उतरले की नाही हे पडताळण्याचे साधन प्रवाशाजवळ नाही. भाडे तासातासाला बदलते. सकाळचे आणि संध्याकाळचे भाडे निराळे असेल तर त्यातून सामानाचे किती वजा झाले हे कोणी कसे सांगावे?

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की सामान कोणाजवळ जास्त असते? कंपनीच्या खर्चाने दोन दिवसांसाठी बंगळूरला जाणाऱ्या अधिकाऱ्याजवळ एक चपटी पेटी असते. त्याला लागेल ते तेथे विकत घेता येते. बऱ्याचदा हॉटेलातच मिळते. हलके फिरण्याची चैन त्याला परवडते. उलट, चार वर्षांतून एकदा सहकुटुंब काश्मीरला निघालेल्या शिक्षकाला चौघांचे लोकरीचे कपडे न्यावेच लागतात, कारण तेथे नवे घेणे त्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. रत्नागिरी-रायगडचा जो माणूस दोन वर्षांनी आखातातून घरी येतो, त्याच्या पेटीत अर्ध्याहून अधिक वस्तू दुसऱ्यांच्या असतात. परदेशी शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याला सामान्यतः तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा मिळतात. त्यांत प्रेशर कुकर, मेतकूट, भाजणी आणि आईची माया बसवता बसवता सारे घर दमून जाते. या मंडळींचे ओझे हा हव्यास नव्हे, त्यांच्या काटकसरीचाच तो एक प्रकार आहे. तेव्हा सामानावरचा आकार सर्वांना सारखा दिसला तरी त्याचा भार सारखा पडत नाही.

शिवाय प्रवासातले ओझे पुष्कळदा स्वतःसाठी नसतेच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले. त्या हकिगतीचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. द्रव्य मिळवण्यासाठी गेलेल्या या भिक्षुकाच्या वाट्याला लूटमारच अधिक आली. तरीही ते परतले ते गंगाजलाची कावड घेऊन. पाणी हे काही हलके सामान नव्हे. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी काहीतरी नेणे हा आपल्याकडे प्रवासाचा अर्धा हेतू असतो, आणि तो किलोच्या दरात बसवता येत नाही.

म्हणून हलक्या सामानाचा उपदेश निरर्थक ठरतो असे नव्हे. त्याचे गुण स्वतंत्र आहेत आणि कंपन्यांनी शुल्क लावले नसते तरी ते गुणच राहिले असते. चार दिवसांच्या प्रवासाला आठ पोशाख नेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील निम्मे घडी न मोडता परत येतात. खरी मेख बहुधा बॅगेतच असते. चाकांची, कडक कवचाची पेटी रिकामीच अडीच-तीन किलो भरते. सातातले तीन तेथेच गेले. साध्या कापडी पिशवीत तेवढ्याच मर्यादेत दोन दिवसांचे कपडे अधिक मावतात. जाड जोडे आणि जाकीट अंगावर घालून जावे, सुती आणि जाड कापडापेक्षा रात्री धुऊन सकाळी वाळेल असे कापड न्यावे, जरीचे पातळ लग्नालाच जात असाल तर न्यावे. शिक्षकांना पुस्तकांचा मोह आवरत नाही, पण सुट्टीत चार पुस्तके वाचून होतात असा माझा तरी अनुभव नाही, एक पुरे. मोबाइल भारण्याची ‘पॉवर बँक’ हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, पोटातल्या सामानात ती चालत नाही. तर सुके खोबरे पेटते म्हणून तेथे वर्ज्य आहे, हे मसाल्याचे सामान नेणाऱ्या गृहिणींनी ध्यानात ठेवलेले बरे. लोणच्यासारखे तेलकट पदार्थ हातातल्या बॅगेत नेले तर तपासणीत अडतात. आणि वजन घरीच करावे; जादा भरलेच तर खिडकीवर न भरता आधी नोंदवावे. एवढे केले तरी बहुतेक कुटुंबांचा जादा आकार टळतो.

पण प्रवाशाने आपली शिस्त पाळली म्हणजे कंपन्यांची आणि सरकारची जबाबदारी संपत नाही. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये एका स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की पोटातल्या सामानाचे वेगळे पैसे घेता येतील, परंतु वाजवी आकाराची व वजनाची हातातली बॅग हा प्रवासाचाच अविभाज्य भाग असून तिच्यावर अधिभार लावता येणार नाही. याच धोरणाने स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये हातातल्या बॅगेचे पैसे घेणे व तत्सम प्रथांबद्दल पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे अजून हातातल्या ७ किलोंना कोणी हात लावलेला नाही. तो लावला जाण्याआधीच ही रेषा नियमाने आखून ठेवणे शहाणपणाचे होईल.

पोटातल्या सामानाचे दर सरकारने ठरवावेत की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात. दर बांधून दिले की ते मूळ भाड्यात शिरतात, ही भीती अगदीच निराधार नाही. पण दर उघड असावेत याबद्दल मतभेदाचे कारण दिसत नाही. तिकीट काढताना पहिल्याच पडद्यावर सामान नसलेले भाडे आणि १५ किलोंसह भाडे हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत दाखवावेत. जादा किलोचा दर तिकिटावर छापावा. आणि खिडकीवरचा दर हा आधी नोंदवण्याच्या दराच्या अमुक पटीहून अधिक असू नये, अशी मर्यादा घालावी. यांपैकी एकाही गोष्टीने कंपनीचे दिवाळे निघणार नाही. अधिकार नाही ही सबबही फार ताणता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा केंद्र सरकारने चार दिवसांत भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घातली होती. १९३४ च्या विमानविषयक कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. सामानाच्या दरांसंबंधी २०१७ पासून जी पोकळी राहिली आहे, ती या नव्या कायद्याखालच्या नियमांनी भरून काढण्यास कोणाची हरकत असेल तर ती त्यांनी प्रवाशांसमोर मांडावी.