पडला कुठे, ठेचाळला कुठे

बाबांच्या खोलीतला कॉम्प्युटर २००५ च्या दिवाळीत घेतलेला. पेंटियम फोर प्रोसेसर, ५१२ एमबीच्या दोन रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. दहा वर्षं त्याने बिनतक्रार काढली. २०१५ च्या डिसेंबरात मात्र तो रोज सकाळी बंद पडू लागला. बटण दाबलं की पंखे फिरत, विंडोजचं चिन्ह उमटे, आणि बाबा फाइल उघडतात न उघडतात तोच पडदा क्षणभर निळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. तीन-चारदा असं झालं की मग दिवसभर सुरळीत.

‘‘सकाळी थंडी वाजते त्याला,’’ बाबा म्हणाले. ‘‘माझ्या गुडघ्यांसारखंच आहे. जरा हालचाल झाली की मोकळं होतं.’’

मी हसलो आणि विसरून गेलो.

नवा कॉम्प्युटर घेऊन टाका, असं घरात सगळ्यांचं मत होतं. अडचण बाबांच्या संग्रहाची होती. ते मूळचे माणदेशातले. मोट, नाडा, सोल, धाव असे शेतीतले मोडीत निघालेले शब्द अर्थासह टिपून ठेवायचा त्यांना नाद. हे सगळं त्यांनी युनिकोडच्या आधीच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं. ते सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या जागेत, आगपेटीएवढं कुलूप लावावं लागे. नव्या यंत्रांना ती जागाच नसते. शिवाय त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की ‘मोट’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. आणि टायपरायटरवर घडलेली बाबांची बोटं दुसरा कीबोर्ड मानायला तयार नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि निदान केलं, ‘‘फॉरमॅट मारून देतो, काका.’’ हे आपल्याकडचं रामबाण औषध. डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचं. पण सॉफ्टवेअरची सीडी बाबांना सापडत नव्हती, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. त्या हरवलेल्या सीडीमुळेच मला नीट शोध घ्यावा लागला.

दुरुस्तीला हात लावण्याआधी डेटा बाहेर काढायचा, हा पहिला नियम. दुपारी, यंत्र शहाण्यासारखं वागत असताना, सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. मग दोनशे पानी वही काढून रकाने आखले: तारीख, वेळ, आधी किती तास बंद होता, पडद्यावर काय आलं, आपण काय बदललं. शेवटच्या रकान्यात एका वेळी एकच गोष्ट लिहायची. रॅमही साफ केली आणि ड्रायव्हरही बदलला, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

निळा पडदा वाचायचा तर तो थांबायला हवा. एक्सपी अशा वेळी आपोआप रीस्टार्ट होतो. ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त एक बरोबरची खूण असते, ती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा निळाच राहिला. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि खाली ‘०ए’ने संपणारा आकडा. तिसऱ्या दिवशी ‘पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया’, आकडा ‘५०’वर संपणारा. चौथ्या दिवशी ‘८ई’.

या संदेशांचा अर्थ भाषांतर करून लागत नाही. पहिल्याचा अर्थ असा, की ज्या वेळी मेमरीतल्या ज्या पत्त्याला हात लावायची मुभा नव्हती, तिथे कुणीतरी हात लावला. दुसऱ्याचा असा, की जो पत्ता असायलाच हवा होता तिथे काहीच नव्हतं. पोस्टमनने ४१२ नंबरचं घर ४७२ वाचावं आणि मोकळ्या प्लॉटवर जाऊन उभं राहावं, तसं. हा दोष एखाद्या ड्रायव्हरचा असेल तर तो सहसा रोज त्याच जागी चुकतो. पडद्यावर त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. इथे रोज वेगळा आकडा, रोज वेगळं नाव. पडदा सांगत होता तो कुठे पडला ते. ठेच कुठल्या दगडाची लागली, हे त्याला ठाऊक नव्हतं.

विंडोज निर्दोष आहे का, हे आधी पाहिलं. लिनक्सची सीडी घालून, हार्ड डिस्कला हात न लावता, सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. लिनक्सही अर्ध्यात गोठलं. म्हणजे फॉरमॅट मारला असता तर पैसेही गेले असते आणि सॉफ्टवेअरही.

आता संशय रॅमवर. आपल्याकडे पहिला उपचार खोडरबराचा: रॅमच्या सोनेरी पट्ट्या रबराने हलक्या घासायच्या, कपड्याने पुसायच्या, खटका बसेपर्यंत दाबून बसवायच्या. ते केलं. फरक नाही. मग मेमटेस्ट. हा विंडोजशिवाय चालणारा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नक्षी लिहितो, परत वाचतो आणि जुळलं नाही की लाल ओळ दाखवतो. रात्री दहाला लावून झोपलो. सकाळी सहाला पाहिलं तर आठ तासांत एकही चूक नव्हती. वहीत लिहिलं, ‘रॅम ठीक’.

ही माझी चूक. बाबांनी दिवसभर काम केलेल्या, तापलेल्या यंत्रावर मी परीक्षा घेतली होती. तक्रार सकाळची आणि तपासणी रात्रीची. हे ध्यानात यायला वही कामी आली. मागची पानं चाळताना ‘किती तास बंद’ या रकान्यावर नजर थांबली. जिथे आठ-नऊ तास लिहिले होते तिथे प्रत्येक ठिकाणी निळा पडदा. जिथे अर्धा तास, तिथे कधीच नाही. कॉम्प्युटर बिघडला की सगळे उष्णतेला दोष देतात, धूळ झाडतात, पंखा बदलतात. हा तर गार असताना पडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेमटेस्ट लावला. तिसऱ्या मिनिटाला लाल ओळी. एक रॅम काढली, तरी लाल. ती ठेवून दुसरी काढली, तरी लाल. खाचा बदलल्या, तरी तेच. दोन्ही रॅम एकाच आठवड्यात, तेही फक्त सकाळपुरत्या बिघडतील, हे पटणारं नव्हतं. दोघींना जे समान होतं ते म्हणजे बोर्ड आणि वीज.

मल्टिमीटर लावला. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर ११.९ व्होल्ट, लालवर ५.०३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे आकडे उत्तम. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. त्या व्होल्टेजवरच्या बारीक लाटा त्याला दिसत नाहीत. तेव्हा झाकण काढून, बॅटरी आडवी धरून, बोर्ड इंच-इंच पाहिला. प्रोसेसरच्या काठाला चार आणि रॅमच्या खाचांजवळ दोन, असे सहा कंडेन्सर फुगले होते. या छोट्या डब्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. धडधाकट डब्याचं डोकं सपाट असतं. यांची डोकी फुगलेल्या पुरीसारखी वर आलेली. एकाच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर पडली होती.

एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट बोर्ड दीड व्होल्टच्या आत आणतो आणि प्रोसेसरला पन्नास अँपिअरच्या पुढे प्रवाह पुरवतो. मागणी क्षणाक्षणाला बदलते. हे कंडेन्सर म्हणजे गच्चीवरच्या टाक्या. नळाला पाणी कमी-जास्त आलं तरी घरात धार एकसारखी राहावी म्हणून. आतला द्रव सुकला वा बिघडला की टाकी लहान होते आणि तिच्या नळात जणू क्षार साचतो. गारठ्यात द्रव दाटतो, अडथळा वाढतो, धार तुटक होते. यंत्र तापलं की तोच द्रव सैल होतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवर असे कंडेन्सर लागले होते. त्यांच्यातल्या पाण्याचा अंश असलेल्या द्रवात अ‍ॅल्युमिनियमला जपणारी रसायनं पुरेशी नव्हती, म्हणून आत हायड्रोजन साठून डबे फुगत. रसायनाचं सूत्र अर्धवट चोरल्यामुळे हे झालं, अशी कथा तेव्हा गाजली होती.

तरीही फुगलेले दिसले म्हणजे तेच गुन्हेगार, असं मानायचं नव्हतं. पहाटे बाबांना हाताशी घेतलं. त्यांनी केस वाळवायचा ड्रायर कमी आचेवर, वीतभर लांबून, त्या सहा डब्यांवर तीन मिनिटं धरला. मग बटण दाबलं. रात्रभर गारठलेला कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ आली नाही. दुसऱ्या पहाटे ड्रायर नाही, तर लाल ओळी. तिसऱ्या पहाटे ड्रायर, तर स्वच्छ.

‘‘मी काय म्हणत होतो?’’ बाबा म्हणाले.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सहा कंडेन्सर आणले: ३३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि जाडी जुन्याइतकीच, नाहीतर शेजारी शेजारी बसत नाहीत. बसवायचं काम स्वतः केलं नाही. बोर्डाच्या आत तांब्याचे अनेक थर असतात. ते सोल्डरिंग आयर्नची उष्णता शोषून घेतात आणि ओढाताणीत छिद्राचं अस्तर उखडतं. टीव्ही दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या एका गृहस्थांनी आधी मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढायला लावला. ऋण टोकाची पट्टी कुठल्या बाजूला होती ते नंतर आठवत नाही, आणि उलटा बसलेला कंडेन्सर फटाक्यासारखा फुटतो. मग प्रत्येक पायावर थोडं ताजं कथील वितळवून त्यांनी जुना डबा डोलवत, न ओढता, अलगद काढला. सहा डब्यांना पाऊण तास.

दुरुस्त झाला, असं खात्रीने कधी म्हणता येत नाही. पुन्हा पडला नाही, एवढंच म्हणता येतं. जानेवारीभर वहीत तारीख, वेळ आणि ‘नाही’ असं लिहीत गेलो. एकतीस वेळा ‘नाही’ झाल्यावर थांबलो. पुढे फाइली हळूहळू युनिकोडमध्ये आणल्या, जोडाक्षरं मोडली तिथे हाताने सुधारल्या. नवे शब्द बाबा अजून त्याच यंत्रावर टाइप करत होते.

आता कुणी बंद पडणारा कॉम्प्युटर दाखवला की पडद्यावर काय येतं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, केव्हा पडतो आणि केव्हा पडत नाही? बहुतेकांना उत्तर माहीत असतं. त्यांना ते उत्तर वाटत नाही, गंमत वाटते. त्या वहीच्या पहिल्या पानावर, रकान्यांच्या वर, दोन बोटं जागा रिकामी होती. तिथे मी मागाहून पहिली नोंद केली: ‘सकाळी थंडी वाजते त्याला.’