मोखाड्याच्या कातळाची साक्ष

गेल्या मे महिन्यात जव्हारहून मोखाड्यास निघालो होतो. वाटेत एका वळणावर उतरून हाताला लागला तो काळा दगड उचलला आणि रुमालात बांधला. भाचा भूविज्ञानाचा विद्यार्थी. म्हटले, त्याला भेट! मराठीच्या प्राध्यापकालाही शास्त्राची आवड असते म्हणावे.

"मामा, याची उत्तर बाजू कोणती होती?" त्याचा पहिलाच प्रश्न. मी गप्प.

उलगडा असा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा कातळ झाला. त्यात लोह व टायटेनियम असलेल्या खनिजांचे बारीक कण असतात. कातळ निवताना हे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा धरून बसतात. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तापाशी आडवी राहते, उत्तरेकडे जावे तसे तिचे उत्तर टोक खाली कलते, दक्षिणेकडे वर उठते. कणांनीही हा कल जपलेला असतो. म्हणून दगड काढण्यापूर्वीच त्यावर होकायंत्राने दिशा आखावी लागते. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या पाषाणाची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. आज उत्तर अक्षांश २० च्या आसपास असलेली आपली भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या पार दक्षिणेस होती!

पण साक्षीदार खरा कशावरून? असंख्य पावसाळ्यांत कण गंजतात, त्यांचे हेमेटाइट होते आणि ते नव्या काळची दिशा धरते. जुन्या साक्षीत नवी भेसळ! ती पकडतात क्ष-किरण. दगड कुटून वस्त्रगाळ करायचा आणि लोहचुंबकाने काळी पूड वेचायची. न वेचली तर इतर खनिजांच्या गर्दीत ती हरवते. स्फटिकातील अणूंच्या थरांवरून क्ष-किरण ठराविक कोनांतच उसळतात आणि त्या कोनांवरून थरांमधले अंतर निघते. ही युक्ती ब्रॅग पितापुत्रांची, १९१३ च्या सुमाराची. मॅग्नेटाइटचे कोन निराळे, हेमेटाइटचे निराळे. टायटेनियम वाढले की मॅग्नेटाइटच्या थरांतले अंतर किंचित वाढते, तेही दिसते. मात्र मॅग्नेटाइट आणि त्याचे गंजके भावंड मॅगहेमाइट यांचे कोन जवळजवळ सारखेच! तिथे निव्वळ क्ष-किरणांवर विसंबता येत नाही. मग पूड तापवून तिचे चुंबकत्व केव्हा जाते ते पाहतात. शुद्ध मॅग्नेटाइटचे सुमारे ५८० अंश सेल्सिअसला जाते.

माझा दगड शेवटी खलबत्त्यात गेला. "दिशा गेली, मामा, पण साक्षीदार कोण ते तरी कळेल," भाचा म्हणाला. पुडीतून लोहचुंबक फिरवताच त्याला काळी मिशी फुटली.

या सुट्टीत दोघे पुन्हा मोखाड्यास जाणार आहोत. होकायंत्र तो आणणार आहे. मला फक्त छिन्नी-हातोडा धरायची परवानगी आहे.