आखीव शहरातली मोकळी रेघ

चंडीगड म्हटले की डोळ्यांसमोर येतात काटकोनात छेदणारे रस्ते आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर. असे हे पट्टी लावून आखलेले शहर! पण याच शहराच्या शासकीय कला महाविद्यालयाचे प्राचार्यपद पुढे अशा चित्रकाराकडे आले, ज्याच्या कलेत न आखलेल्या खुणेलाही मान होता.

या विचाराचे मूळ पॅरिसमध्ये आहे. १९२४ साली आंद्रे ब्रेताँ यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. बुद्धीचा पहारा उठवा, मनाच्या तळाशी असेल ते आपसूक वर येऊ द्या, हे त्याचे सार. पुढच्याच वर्षी माक्स एर्न्स्ट यांनी लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या खुणांत त्यांना चित्रे दिसू लागली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणारी आपली मुले तरी वेगळे काय करतात?

कागदावर हे सोपे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ मात्र सहजी खोडता येत नाही. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये कार्यशाळा काढली. तीच पुढे 'आतलिए १७' म्हणून गाजली. तिथे कोरणीचा हात स्थिर ठेवून पत्रा फिरवायचा, रेघ वाहील तशी वाहू द्यायची आणि मग त्या गुंत्यातून आकार शोधायचा. मिरो तिथे वावरले. आपले कृष्णा रेड्डी तर पुढे त्या कार्यशाळेचे सहसंचालक झाले. कमी-अधिक दाट शाया वापरून एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्याच्या तंत्रात त्यांचा मोठा वाटा आहे.

चंडीगडचे ते प्राचार्य म्हणजे जगमोहन चोप्रा. १९६८ साली दिल्लीत 'ग्रुप ८' उभारून त्यांनी मुद्राचित्रकारांना एकत्र आणले होते. त्यांचे आवडते माध्यम कोलाग्राफ. पुठ्ठ्यावर कापड, वाळू, सुतळी चिकटवायची, शाई लावायची आणि छाप घ्यायचा. महागड्या तांब्यावाचून काम होते. सुतळी जशी पडेल तसाच तिचा ठसा!

'हे तर कुणीही करील,' असे म्हणणारे भेटतात. पण खूण आपोआप उमटली, तरी ती ठेवायची की पुसायची, हे डोळ्यांनाच ठरवावे लागते. कलावंताची कसोटी तिथेच लागते.

तेव्हा घरातल्या चिमुरड्याने कागदभर रेघोट्या ओढल्या, तर लगेच 'नीट काढ' म्हणू नका. 'यात तुला काय दिसतं?' एवढेच विचारून पाहा.